मिलिमीटरला बाद आणि अबू धाबीला अभय? एका तपासनिसाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फॉर्म्युला वनच्या २०२५ च्या लास वेगास शर्यतीत नॉरिस आणि पियास्त्री या मॅक्लारेन संघाच्या दोन्ही ड्रायव्हरांना गाडीखालची फळी मिलिमीटरच्या अंशाने जास्त झिजली म्हणून बाद केलं. पण २०२१ ला अबू धाबीत सेफ्टी कारचा (अपघातानंतर सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवणाऱ्या गाडीचा) नियम सगळ्या जगासमोर वाकवला गेला, तरी निकाल तसाच राहिला. वर रेड बुल संघ सतत मर्सिडीजच्या रसेलविरुद्ध तक्रार घेऊन स्टुअर्डांच्या, म्हणजे शर्यतीच्या पंचांच्या, दारात. मग नियम नेमके कुणासाठी? आणि तुमच्या कोथरूडच्या ग्रुपमधले अर्धे जण मॅक्लारेनला चोर म्हणतात, ते खरं का?

मी पुण्यातलाच. एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या भारतीय संघटनेच्या मान्यतेने होणाऱ्या शर्यतींत बरीच वर्षं स्क्रुटिनियर, म्हणजे गाड्यांचा तपासनीस, म्हणून काम करतो. बहुतेक दुचाक्या, मधूनमधून गाड्या. फॉर्म्युला वनच्या पार्क फर्मेत (शर्यतीनंतर गाड्या तपासणीसाठी ठेवतात त्या जागेत) मी कधी उभा राहिलेलो नाही, हे आधीच सांगतो. पण एफएमएससीआय ही एफआयएची, म्हणजे फॉर्म्युला वनचे नियम करणाऱ्या जागतिक संघटनेची, इथली संलग्न संस्था आहे, त्यामुळे तक्रार कशी करायची, किती वेळात करायची, निकाल कोण देणार याचा सांगाडा आमच्याकडेही बराचसा तोच. फरक पैशांचा आणि वकिलांचा.

तुमचा राग अन्यायाबद्दल आहे असं वाटतं, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. काही नियम गेजने (मापकाने) तपासले जातात: वजन, उंची, जाडी, रुंदी. काही नियम माणूस तपासतो: अडवलं की नाही, पिवळ्या झेंड्याखाली पुरेसा वेग कमी केला की नाही, सेफ्टी कार कधी आत घ्यायची. पहिल्या प्रकारात हेतू विचारला जात नाही. दुसऱ्या प्रकारात हेतू, परिस्थिती, आधीचे निर्णय सगळं विचारात घेतलं जातं. दोन्हींना एकच न्याय लावायला गेलं की तुमच्यासारखी चिडचिड होते.

आधी फळी. १९९४ मध्ये इमोलाच्या शर्यतीत रॅट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना हे ड्रायव्हर अपघातात गेल्यानंतर, हंगाम चालू असतानाच, गाड्या जमिनीपासून जरा वर राहाव्यात म्हणून तळाला ही फळी बसवणं सक्तीचं केलं. गाडी जितकी खाली, तितकी ती रस्त्याला चिकटते आणि वळणात वेग मिळतो. फळी घासली गेली की समजायचं, गाडी फार खाली होती. नवी फळी १० मिमी जाडीची, आणि ठरलेल्या जागी किमान ९ मिमी उरली पाहिजे. त्याच वर्षी बेल्जियमच्या स्पामध्ये शूमाखर जिंकला आणि फळीवरून बाद झाला. ट्रॅकच्या काठावरच्या कर्बवरून गाडी फिरली तेव्हा फळी घासली असं त्याच्या बेनेटन संघाचं म्हणणं होतं, ते मानलं गेलं नाही.

लास वेगासला नॉरिसची फळी दोन ठिकाणी ८.८८ आणि ८.९३ मिमी भरली, पियास्त्रीची तीन ठिकाणी ८.९६, ८.७४ आणि ८.९०. म्हणजे एका ठिकाणी कमतरता फक्त ०.०४ मिमीची. स्टुअर्डांनी हे मुद्दाम केलेलं नाही हे मान्य केलं. गाडी अनपेक्षितपणे उसळत होती, आणि पाऊस व अडथळ्यांमुळे सरावाची वेळ कमी मिळाली होती, हेही ऐकून घेतलं. तरीही शिक्षा ठरलेली तीच. नॉरिसचे दुसऱ्या क्रमांकाचे १८ गुण गेले, आणि त्या रात्री रेड बुलचा व्हर्स्टॅपेन गुणांत पियास्त्रीच्या बरोबरीला आला. हंगामाच्या शेवटी नॉरिस जगज्जेता ठरला तो व्हर्स्टॅपेनपेक्षा फक्त २ गुणांनी.

इतकं कठोर का? समजा मी ०.०४ सोडून दिलं. पुढच्या शर्यतीपासून मर्यादा ९ मिमी राहत नाही, ८.९६ होते. मग कुणीतरी ८.९३ घेऊन येतो आणि विचारतो, त्याला सोडलं मग मला का नाही? तुम्ही म्हणाल, मग थोड्या झिजेला पाच सेकंदांचा दंड ठेवा. तेही चालत नाही. इंजिनिअर संध्याकाळी लॅपटॉप उघडून हिशेब मांडतील की गाडी अर्धा मिलिमीटर खाली ठेवून ५६ फेऱ्यांत किती सेकंद मिळतात. मिळकत दंडापेक्षा जास्त निघाली, की दंड हा खर्चाचा एक कॉलम होतो. सगळंच जाणार हे माहीत असेल तरच माणूस मर्यादेपासून दोन हात लांब राहतो. २०२४ ला स्पामध्ये रसेल पहिला आला आणि इंधन काढल्यावर गाडी ७९६.५ किलो भरली. किमान ७९८ हवी होती. त्याने एकाच पिट स्टॉपवर शर्यत काढली होती, टायर फार झिजले होते. सहानुभूती सगळ्यांना होती, विजय मात्र त्याच्याच संघातल्या हॅमिल्टनला गेला.

एक अन्याय इथे खरा आहे, तो तुमच्या ग्रुपमध्ये कुणी काढला नसेल तर मी काढतो. प्रत्येक गाडीची फळी प्रत्येक शर्यतीनंतर मोजली जात नाही. २०२३ ला ऑस्टिनमध्ये चार गाड्यांच्या फळ्या तपासल्या. हॅमिल्टन आणि लक्लेर्कच्या नापास झाल्या. उरलेल्या गाड्यांचं काय, ते त्यांचं त्यांना माहीत. आमच्याकडेही पहिले तीन आणि एखादी मनाला येईल ती गाडी, एवढंच होतं. हात कमी असतात आणि लोकांना रात्रीची गाडी पकडायची असते.

आता गंमत अशी की गेजचा नियमसुद्धा दिसतो तितका सरळ नसतो. आकडा लिहिला म्हणजे नियम पूर्ण झाला असं होत नाही. तो आकडा कसा मोजायचा हा अर्धा नियम. माझ्या कामात सगळ्यात जास्त वाद इथेच झालेत. शर्यत संपल्या संपल्या इंजिन उघडून सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) मोजा, असं समोरचा म्हणतो. मी थांबायला लावतो. ६० मिमीचा ॲल्युमिनियमचा बोअर ८० अंशांनी जास्त तापलेला असेल तर साधारण ०.१ मिमीने मोठा भरतो. त्या ०.१ मध्ये एखाद्याचं वर्ष जाऊ शकतं. म्हणून इंजिन गार होईपर्यंत सगळे चहा पितात, दोन्ही बाजूंचे मेकॅनिक समोर उभे राहतात, गेजचा कॅलिब्रेशन दाखला टेबलावर ठेवला जातो, आणि मगच मोजणी.

फॉर्म्युला वनमध्येही हेच, फक्त मोठ्या टेबलावर. १९९९ ला मलेशियातल्या सेपांगमध्ये फेरारीचे आयर्विन आणि शूमाखर पहिले-दुसरे आले आणि बाजूच्या बार्जबोर्डचं (हवा वळवणाऱ्या पत्र्याचं) माप बसत नाही म्हणून फेरारी बाद झाली. तो निर्णय टिकला असता तर मॅक्लारेनचा हॅकिनेन तिथेच हंगामाचा विजेता ठरला असता. फेरारीचे तांत्रिक प्रमुख रॉस ब्रॉन यांनी स्वतः तो भाग हातात धरून पत्रकारांना १० मिमीचा फरक दाखवला होता. आठवडाभरात पॅरिसच्या अपील न्यायालयात चित्र फिरलं: भाग नीट बसवून योग्य रीतीने मोजला तर तो ५ मिमीच्या मुभेत बसतो. फेरारीचे गुण परत आले आणि हॅकिनेनला सुझुकाच्या पुढच्या शर्यतीपर्यंत थांबावं लागलं. अनेकांना तो निकाल आजही पटत नाही. पण मला विचाराल तर मोजण्याची पद्धत आधी पक्की नसेल, तर संशयाचा फायदा गाडीवाल्याला द्यावाच लागतो.

२०२६ च्या नव्या इंजिनांवरून झालेली ओरडही याच जातीची. कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) आधी १८:१ पर्यंत चालायचा, तो १६:१ वर आणला, आणि मोजणी थंड इंजिनावर करायची असं लिहिलं. हंगाम सुरू व्हायच्या आधीच प्रतिस्पर्ध्यांनी विचारलं: थंड असताना १६ आणि धावताना जास्त, असं कुणी जमवलं तर? हे ऐकल्यावर मला हसू आलं. गरम सिलिंडर आणि थंड गेज यांचं भांडण आमच्या मातीच्या ट्रॅकवर जुनं आहे.

इथूनच तुमच्या ‘चोर’ या शब्दाकडे येतो. पळवाट शोधणं म्हणजे फसवणूक का? पुण्यातल्या जुन्या इमारती डोळ्यासमोर आणा. बाल्कनी एफएसआयमध्ये धरत नसत, तेव्हा बिल्डर मोठ्या बाल्कन्या काढायचे आणि ताबा मिळाल्यावर घरमालक त्या बंद करून खोली करायचा. नियम जे मोजत होता ते बरोबर होतं, आणि नियमाला जे हवं होतं ते गेलं होतं. २००९ चा डबल डिफ्यूझर हे अगदी तेच प्रकरण. मागच्या डिफ्यूझरची (गाडीखालची हवा बाहेर सोडणाऱ्या भागाची) उंची १७५ मिमीवर बांधली होती, कारण गाड्यांचा डाउनफोर्स, म्हणजे हवेमुळे रस्त्यावर पडणारा दाब, कमी करायचा होता. ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या संघांनी तळाच्या दोन पातळ्यांमधल्या फटीतून हवा वर नेऊन दुसरा मजला चढवला. बाकीच्यांपैकी काहींनी मेलबर्नमध्ये तक्रार केली, स्टुअर्डांनी फेटाळली, १५ एप्रिल २००९ ला अपील न्यायालयानेही फेटाळली. ब्रॉन संघाच्या बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. फेरारी आणि रेड बुलला आपापल्या गाड्या घाईघाईने उघडाव्या लागल्या.

हे फसवणुकीत बसतं असं मला वाटत नाही. फसवणूक म्हणजे १९८४ ला टिरेल संघाला ज्यासाठी संपूर्ण हंगामातून काढलं ते, म्हणजे निदान आरोप तसा होता: हलकी गाडी पळवायची आणि शेवटच्या पिट स्टॉपला पाण्याच्या टाकीत शिशाच्या गोळ्यांसकट पाणी भरून वजन जुळवायचं. किंवा २००५ चं बीएआर संघाचं प्रकरण: गाडी तपासणीत ६०० किलोच्या वर, पण आतल्या टाकीतलं सगळं इंधन काढल्यावर ५९४.६. स्टुअर्डांनी आधी सोडलं होतं, एफआयएने स्वतः अपील केलं आणि संघ दोन शर्यती घरी बसला. लक्षात घ्या, न्यायालयाने तिथेही मुद्दाम फसवलं असं सिद्ध झाल्याचं म्हटलं नाही. लास वेगासची मॅक्लारेन यातल्या कुठल्याच खणात बसत नाही. त्यांनी काही लपवलं नव्हतं. गाडी जरा जास्त खाली ठेवली आणि अंदाज चुकला.

आता रेड बुल आणि रसेल. तुम्हाला हा रडीचा डाव वाटतो. मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण सगळ्या प्रकरणात महत्त्वाचं आहे. एफआयएकडे प्रत्येक गाडीचा प्रत्येक भाग बघायला माणसं नाहीत. बघतात ते प्रतिस्पर्धी. शेजारच्या गॅरेजमधला फोटोग्राफर, जीपीएसचा डेटा चाळणारा इंजिनिअर, त्या संघातून नोकरी सोडून आलेला माणूस: खरी तपासणी हे लोक करतात. संघांमधलं वैर काढून टाकलं तर नियमपुस्तकाला रखवालदारच उरणार नाही.

आणि बहुतेक वेळा ते तक्रार करत नाहीत, प्रश्न विचारतात. २०१९ च्या शरद ऋतूत फेरारीचा सरळ रस्त्यावरचा वेग सगळ्यांना खुपत होता. इंधनाचा प्रवाह तेव्हा ताशी १०० किलोवर बांधलेला होता आणि तो एका सेन्सरने मोजला जायचा. रेड बुलने फेरारीचं नाव न घेता एफआयएला लिहिलं: अमुक पद्धतीने दोन मोजण्यांच्या मधल्या वेळात जास्त इंधन सोडलं तर चालेल का? उत्तर आलं, चालणार नाही, आणि ते टेक्निकल डायरेक्टिव्ह (नियमाचा तांत्रिक खुलासा) म्हणून सगळ्या संघांना गेलं. यात कुणावर आरोप नाही, अनामत नाही, पुरावा द्यावा लागत नाही, पण संदेश ज्याला पोचायचा त्याला पोचतो. फेरारीवर काहीही सिद्ध झालं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये एफआयएने त्यांच्याशी गोपनीय समझोता केला आणि इतर सात संघ भडकले. तो समझोता मला आजही खटकतो. निर्णय कोणताही द्या, पण कारण उघड लिहा.

तक्रारीचं हत्यार मात्र वेगळं. शर्यतीचा तात्पुरता निकाल लागल्यापासून ३० मिनिटांत, लेखी, कलम क्रमांकासह, अनामत भरून. २०२५ ला मायामीत रेड बुलने रसेलने पिवळ्या झेंड्याखाली वेग कमी केला नाही म्हणून आणि मॉन्ट्रियलमध्ये सेफ्टी कारमागे वेडीवाकडी गाडी चालवली म्हणून तक्रार केली. दोन्ही फेटाळल्या गेल्या. अनामत तेव्हा २,००० युरो होती, आणि फॉर्म्युला वनमध्ये ते म्हणजे हॉटेलचं नाश्त्याचं बिल. लॉटरीचं तिकीट समजून भरायला हरकत नसते. त्याच मायामीत मॅक्लारेनचे प्रमुख झॅक ब्राउन यांनी पिट वॉलवर ‘टायर वॉटर’ असं लिहिलेली बाटली तोंडाला लावून आपला संघ टायरात पाणी घालत असल्याच्या अफवांची खिल्ली उडवली. पायाच नसलेले आरोप करणाऱ्याला त्याची नीट किंमत मोजावी लागली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. आमच्याकडे इंजिन उघडण्याच्या तक्रारीत उघडणं-जोडणं, गॅस्केट, मजुरी असा सगळा खर्च तक्रार करणाऱ्याकडून आधीच जमा करून घेतात, आणि इंजिन नियमात निघालं तर तो समोरच्याला जातो. त्यामुळे टपरीवर गर्जना करणाऱ्यांपैकी फार थोडे जण टेबलापर्यंत येतात. आलेल्यांतलेही बरेच कलम क्रमांकावर अडतात. “साहेब, सगळ्यांना माहितीये” हे कलम आमच्या पुस्तकात नाही.

वेळेचंही तसंच. २०२२ ला ऑस्टिनमध्ये अलोन्सो या ड्रायव्हरच्या गाडीचा आरसा लटकत होता आणि मग पडला. हास संघाच्या तक्रारीवरून त्याला ३० सेकंदांचा दंड होऊन तो सातव्यावरून पंधराव्यावर गेला. काही दिवसांनी सातवा क्रमांक परत मिळाला, कारण तक्रारच उशिरा दाखल झाली होती. आरसा पडला होता हे सगळ्यांनी पाहिलं होतं, पण त्याचा इथे उपयोग नव्हता.

एवढं लक्षात ठेवून अबू धाबीकडे या. लॅटिफी या ड्रायव्हरच्या अपघातानंतर सेफ्टी कार आली. एका फेरीने मागे असलेल्या गाड्यांपैकी फक्त हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपेन यांच्यामधल्या पाच गाड्यांना पुढे सोडलं, आणि सेफ्टी कार लगेच त्याच फेरीत आत घेतली; कलम ४८.१२ प्रमाणे ती पुढच्या फेरीच्या शेवटी यायला हवी होती. शेवटच्या फेरीत व्हर्स्टॅपेन हॅमिल्टनच्या पुढे गेला आणि जगज्जेता ठरला, म्हणून हॅमिल्टनच्या मर्सिडीजने तक्रार केली. स्टुअर्डांनी सांगितलं की आत येण्याचा संदेश दिल्यावर ४८.१३ लागू होतं, आणि १५.३ ने सेफ्टी कारचा अधिकार रेस डायरेक्टरकडे आहे. मला हे वाचन ताणलेलं वाटतं. अधिकार आहे म्हणजे कसाही वापरायचा अधिकार आहे, असा अर्थ मी काढणार नाही. पण मर्सिडीजची मागणी काय होती ते बघा: आदल्या फेरीचा क्रम निकाल धरा. म्हणजे धावून झालेली शर्यत मागे जाऊन एका फेरीने कापा. त्याला स्टुअर्ड नाही म्हणाले, आणि त्या खुर्चीत मी असतो तरी नाहीच म्हटलं असतं. फळी पातळ निघाली तर एक गाडी काढता येते, बाकीचे एकेक जागा वर सरकतात. अधिकाऱ्याने चुकीचा आदेश दिला तर काढायचं कुणाला? व्हर्स्टॅपेनने काहीच मोडलं नव्हतं. मर्सिडीजने अपील मागे घेतलं, रेस डायरेक्टर मायकल मासी यांना पुढच्या फेब्रुवारीत पदावरून हटवलं, एफआयएच्या अहवालात मानवी चूक नोंदली गेली आणि कलमाचं लेखन बदललं. हॅमिल्टनला यातून काही मिळालं नाही हे खरं आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

उलट त्याच वर्षी ब्राझीलमधल्या इंटरलागोसला याच हॅमिल्टनला डीआरएसची (मागच्या पंखाच्या उघडणाऱ्या भागाची) फट ८५ मिमीपेक्षा ०.२ मिमी जास्त निघाली म्हणून पात्रता फेरीतून बाद केलं होतं. हेतू नव्हता हे तिथेही मान्य. स्प्रिंटला (शनिवारच्या छोट्या शर्यतीला) तो शेवटून निघाला, मुख्य शर्यतीला दहाव्या जागेवरून, आणि ती जिंकला.

माझी उत्तरं सगळीकडे लागू होतीलच असं नाही. स्टुअर्ड शर्यतीगणिक बदलतात, ड्रायव्हिंगच्या प्रकरणांत आज पाच सेकंद आणि उद्या दहा असं होतं, आणि पैशांच्या मर्यादेसारख्या नियमांना तर गेजच नाही. २०२१ च्या जादा खर्चासाठी रेड बुलला ७० लाख डॉलर दंड आणि एरोडायनॅमिक चाचण्यांत १० टक्के कपात झाली, ती पुरेशी होती का यावर मी रात्रभर भांडू शकतो.

तुमच्या ग्रुपसाठी एक व्यवहारी सूचना. प्रत्येक शर्यतीनंतर स्टुअर्डांचे निर्णय एफआयएच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला मिळतात. एक-दोन पानांचे असतात. त्यात आधी कलम बघा, मग ‘कारण’ हा परिच्छेद. कलम टेक्निकल नियमांतलं असेल तर वाद घालण्यात रविवार वाया घालवू नका. स्पोर्टिंग नियमांतलं असेल तर खुशाल घाला, स्टुअर्डांनीही आत तोच घातलेला असतो. आणि नुसतं वाचून समाधान होत नसेल तर कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंटच्या किंवा एफएमएससीआयच्या स्पर्धांना मार्शल आणि तपासणीसाठी माणसं नेहमीच हवी असतात. मॅक्लारेनला चोर म्हणणारे ते मित्र आधी पाठवा.